न दुखणारा खडा



मुतखड्यावरचे भाषण सुश्रुतापासून सुरू करायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. आज मी ती मोडणार आहे. सुश्रुतासमोर येणारा रोगी कळांनी गडाबडा लोळत आलेला असे. काहीतरी बिनसले आहे हे त्याला वैद्याने सांगावे लागत नसे. माझा विषय नेमका याच्या उलट आहे. किडनी बदललेल्या माणसाच्या नव्या किडनीत खडा झाला, तर तो बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच तो धोक्याचा. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्या सरांना साध्या माणसाला समजेल अशा मराठीत वैद्यक सांगायची हौस होती. त्यांच्या व्यासपीठावर इतका अरुंद विषय कशाला, असे संयोजकांनी मला विचारले. मी म्हटले, या एका खड्याचा माग काढत गेलो तर प्रत्यारोपण म्हणजे काय हे ऑपरेशनच्या बातम्यांपेक्षा अधिक नीट कळते. बातमी टाके घातले की संपते. खडा त्यानंतरच्या वर्षांत होतो.

नवी किडनी बसते कुठे, इथून सुरुवात करू. बहुतेकांची समजूत अशी, की खराब किडनी काढून तिच्या जागी चांगली बसवतात. तसे नसते. आपल्या जुन्या दोन्ही किडन्या पाठीकडे, बरगड्यांच्या आडोशाला असतात आणि त्या सहसा तिथेच राहू देतात. नवी किडनी ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आतल्या खोलगट भागात ठेवतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना तिच्या रक्तवाहिन्या जोडतात, मूत्राशयाला नवे तोंड करून तिथे तिची मूत्रवाहिनी शिवतात. मज्जातंतू मात्र जोडत नाहीत. दात्याच्या शरीरातून किडनी निघताना ते तुटतात, आणि तिथेच त्यांचा विषय संपतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलात जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिकला त्याच्या जुळ्या भावाची, रोनाल्डची, किडनी बसवली तेव्हाही असेच होते. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली मृत दात्याच्या किडनीचा पहिला प्रयत्न झाला आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसली, तेव्हाही असेच. गंमत अशी, की मज्जातंतूंवाचून किडनीचे काही अडत नाही. रक्त गाळणे, पाणी राखणे, क्षार सोडणे हे सगळे ती बिनबोभाट करते. फक्त तिला ओरडता येत नाही.

मुतखड्याची कळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना हे ऐकून हेवा वाटेल. वाटू नये. दोन किडन्यांच्या माणसाची एक मूत्रवाहिनी तुंबली तर दुसरी किडनी काम सांभाळून घेते, आणि तुंबलेली बाजू त्याला रात्री दोन वाजता रिक्षात घालून दवाखान्यात पोचवते. प्रत्यारोपण झालेल्या माणसाची काम करणारी किडनी एकच. ती तुंबली की लघवी कमी होते, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, चढते, कधी लघवीत रक्त दिसते, कधी ओटीपोटात नुसते जड वाटते. आत जंतूंची लागण असेल तर ताप यायला हवा, पण स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्याने तापही पुरता येत नाही. पुष्कळदा यातले काहीच होत नाही आणि खडा नेहमीच्या सोनोग्राफीत अवचित सापडतो.

इथे डॉक्टरही फसतात. प्रत्यारोपणानंतर क्रिएटिनिन चढले की आमच्या मनात पहिला शब्द येतो तो रिजेक्शन, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारणे. ती भीती खरीच आहे. पण कारण खडा असेल आणि आपण स्टेरॉइडचे मोठे डोस सुरू केले, तर तुंबलेल्या, कदाचित पू झालेल्या किडनीवर प्रतिकारशक्ती आणखी दाबण्याचा उपचार होतो. म्हणून औषध वाढवण्याआधी सोनोग्राफी. नवी किडनी कातडीखाली थोड्याच अंतरावर असते, यंत्र टेकवले की दिसते. हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ध्या तासात होऊ शकते, त्यासाठी मुंबई-पुणे गाठावे लागत नाही.

एक उलटी गोष्टही सांगून ठेवतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला अस्सल कळ आली, कमरेतून जांघेकडे जाणारी, तर संशय आधी जुन्या किडनीवर घ्यावा. ती काम करत नसेल, पण तिचे मज्जातंतू शाबूत असतात.

हे किती जणांना होते? जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा शंभरात एकाच्या आसपास येतो, आणि खडा सापडेपर्यंत सरासरी २८ महिने गेलेले असतात. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश खडे कॅल्शियमचे, पाचवा हिस्सा जंतूंच्या लागणीतून झालेले, उरलेले युरिक ॲसिडचे. शंभरात एक म्हणजे थोडेच, असे कुणी म्हणेल. ज्याने डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास काढले आहेत, आणि मग आईची किंवा बायकोची किडनी मिळवली आहे, त्याच्यापुढे मला हा आकडा उच्चारवत नाही.

आता हा खडा येतो कुठून? कधीकधी तो किडनीबरोबर आयताच येतो. आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत दात्याकडून, घरातल्याच माणसाकडून मिळतात, आणि देणाऱ्यांत बायका जास्त असतात. यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागेल, आज नाही. दात्याचा सीटी स्कॅन करताना तीन-चार मिलिमीटरचा एखादा खडा दिसतो. पूर्वी अशा दात्याला सरळ परत पाठवत. आता खडा एकच आणि लहान असेल, रक्त-लघवीच्या तपासण्यांत खडे बनवणारा कुठला दोष नसेल, तर किडनी घेतात. नियम असा, की दोन्हींतली बरी किडनी दात्याकडे राहायची. खडेवाली बाहेर निघते. किडनी बर्फात गार ठेवलेली असताना, बसवण्यापूर्वी, तिच्यात बारीक लवचिक दुर्बीण घालून खडा उचलून घेता येतो. मृत दात्याच्या बाबतीत इतकी सवड नेहमी मिळत नाही.

खड्याचे दुसरे मूळ गळ्यात असते. थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम राखणे हे त्यांचे काम. किडनी निकामी झाली की ड जीवनसत्त्व कामाच्या रूपात येत नाही, फॉस्फरस साठतो, कॅल्शियम घसरते, आणि या ग्रंथी वर्षानुवर्षे जादा काम करून फुगतात. नवी किडनी बसल्यावर त्यांनी थांबायला हवे. काही जणांत त्या थांबत नाहीत. हाडांतून कॅल्शियम ओढत राहतात, आणि ते सारे नव्या किडनीतून लघवीत उतरते. डायलिसिसवरचा काळ जितका लांबलेला, तितकी या ग्रंथींना जुनी खोड लागण्याची शक्यता अधिक. किडनीसाठी रांगेत घालवलेली वर्षे प्रत्यारोपणाच्या दिवशी पुसली जात नाहीत, हे मी रुग्णांच्या नातेवाइकांना मुद्दाम सांगतो. खड्यात कॅल्शियमशी जुळणाऱ्या ऑक्झलेट या क्षाराचेही असेच: किडनी बंद असताना तो शरीरात साठतो आणि नवी किडनी चालू झाली की तिच्याच वाटेने निघू लागतो.

त्यात औषधांची भर. नवी किडनी टिकवणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे किडनीच्या नलिकांची आम्ल बाहेर टाकण्याची ताकद कमी करतात. शरीरात आम्ल साचले की लघवीतले सायट्रेट घटते. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते, खडा जमू देत नाही. ते कमी झाले की पहारा ढिला पडतो. सायक्लोस्पोरिनने रक्तातले युरिक ॲसिडही वाढते. शिवाय प्रतिकारशक्ती दाबलेली, त्यामुळे लघवीच्या मार्गात जंतू लवकर ठाण मांडतात. प्रोटियससारखे काही जंतू युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतात, आणि मग खडा पाहता पाहता किडनीच्या सगळ्या कप्प्यांत फांद्यांसारखा पसरतो.

पण मला सर्वांत जास्त चीड येते ती आम्हीच आत ठेवलेल्या वस्तूंवर जमणाऱ्या खड्यांची. मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा सांधा भरून येईपर्यंत त्यातून एक मऊ नळी घालून ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. दोन्ही टोकांना वळण, एक टोक किडनीत अडकते, दुसरे मूत्राशयात, म्हणून ती जागची सरकत नाही. ही रचना १९७८ साली रॉय फिनी यांनी मांडली, आणि त्या नळीने आमच्या शाखेवर मोठे उपकार केले आहेत. ती घातल्याने सांधा गळण्याचे, आवळण्याचे प्रसंग पुष्कळच कमी होतात. दोन ते सहा आठवड्यांनी ती मूत्राशयात दुर्बीण घालून काढायची असते. पाच-दहा मिनिटांचे काम. आणि हेच पाच-दहा मिनिटांचे काम राहून जाते.

कसे राहते ते पाहा. समजा लातूरकडचा एक माणूस मोठ्या शहरात ऑपरेशन करून गेला आहे. डिस्चार्ज कार्डावर तिसऱ्या पानावर, इंग्रजीत, संक्षिप्त अक्षरांत स्टेंटचा उल्लेख आहे. त्याला सांगितले गेले होते, पण त्याच दिवशी त्याला बारा गोळ्यांच्या वेळा, कोणते पाणी प्यायचे, कुणाला भेटायचे नाही, हेही सांगितले गेले. साध्या किडनीत स्टेंट राहिला तर लघवीला वारंवार जावे लागते, कमरेत ओढल्यासारखे दुखते, माणूस तक्रार घेऊन येतो. इथे किडनीकडून तक्रार येतच नाही. नळीवर महिनोन्महिने क्षारांचे थर चढतात, वरच्या टोकाला एक गोळा, खालच्या टोकाला एक गोळा. मग ती ओढून निघत नाही, ओढली तर तुटते किंवा मूत्रवाहिनी फाटते. पाच मिनिटांच्या कामाची तीन ऑपरेशने होतात. न विरघळणाऱ्या दोऱ्याचे टाके मूत्राशयात उघडे राहिले तर त्यांच्यावरही असाच खडा धरतो. म्हणून तिथे विरघळणारा दोराच वापरायचा, हे आता सर्वमान्य आहे.

यावर उपाय महागडे नाहीत. काही ठिकाणी स्टेंट लघवीच्या कॅथेटरला दोऱ्याने बांधतात, म्हणजे कॅथेटर काढताना दोन्ही एकदम निघतात. लोहचुंबकाने ओढून काढता येणारे स्टेंटही आले आहेत. माझे मत विचाराल तर मला साधी नोंदवही पुरेशी वाटते: घातल्याची तारीख, काढायची तारीख, फोन नंबर, आणि ती वही दर सोमवारी उघडून बघणारी एक जबाबदार सिस्टर. आम्ही सर्जन मंडळी घालायला उत्साही असतो. काढायचे काम कनिष्ठाकडे जाते, आणि कनिष्ठाची सहा महिन्यांनी बदली होते.

आता थोडे दुर्मीळ रोगांकडे वळतो, कारण खड्याने दिलेली साक्ष तिथे फार मोलाची ठरते. प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया नावाचा एक जन्मजात दोष आहे. त्यात यकृतातले एक विकर नीट चालत नाही आणि यकृत ऑक्झलेट वाजवीपेक्षा कितीतरी जास्त बनवते. लहानपणापासून खडे होतात, किडन्या जातात. कुणी खोलात गेले नाही तर नोंद होते 'मुतखड्यामुळे किडनी निकामी', आणि प्रत्यारोपण होते. यकृत तर तेच आहे. नवी किडनीही ऑक्झलेटने भरून जाते, आणि कित्येकदा निदान होते ते तेव्हा. यकृत आणि किडनी दोन्ही बदलणे हा मोठा उपाय. २०२० साली लुमासिरान हे इंजेक्शन आले, पण त्याची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची आहे. दुसऱ्या टोकाला, याच रोगाच्या काही रुग्णांना ब-६ जीवनसत्त्वाच्या गोळीने फरक पडतो. ती गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते. म्हणून तरुण वयात खड्यांनी किडन्या गमावलेल्या माणसाच्या प्रत्यारोपणाआधी हा तपास व्हायलाच हवा.

दुसरा दोष आणखी फसवा. एपीआरटी हे विकर ज्यांच्यात नसते, त्यांच्या लघवीत ॲडेनिनपासून बनलेले स्फटिक जमतात. हे खडे एक्स-रेवर दिसत नाहीत, म्हणून त्यांना युरिक ॲसिडचे समजून सोडून देतात. प्रत्यारोपण केले तर नव्या किडनीतही ते परततात. औषध मात्र अगदी साधे, ॲलोप्युरिनॉल.

आणि इथे इतिहासाने एक विलक्षण गाठ मारून ठेवली आहे. प्रत्यारोपणाच्या सुरुवातीच्या काळात किडनी टिकवणारे मुख्य औषध होते अझाथायोप्रिन. ते आणि ॲलोप्युरिनॉल ही दोन्ही औषधे एकाच प्रयोगशाळेतून, बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हातून निघाली. १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते दोघे मानकरी. ॲलोप्युरिनॉल मुळात तपासले गेले ते अझाथायोप्रिनच्याच कुळातल्या कर्करोगावरच्या औषधाचे शरीरात होणारे विघटन रोखण्यासाठी. विघटन ते खरोखर रोखते. म्हणजेच ही दोन औषधे नेहमीच्या मात्रेत एकत्र दिली तर अझाथायोप्रिन शरीरात साठते आणि हाडांच्या मगजात रक्त बनणे थांबू शकते. आज अझाथायोप्रिनची जागा बरीचशी मायकोफिनोलेटने घेतली असली, तरी ते स्वस्त असल्याने आपल्याकडे अजून चालते. अशा रुग्णाच्या पायाचा अंगठा सुजला, गावातल्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड वाढलेले पाहून प्रामाणिकपणे ॲलोप्युरिनॉल लिहिले, इतके पुरे होते.

उपचारांवर फार वेळ घेत नाही. किडनी तुंबून लघवी बंद झाली असेल तर पहिले काम खडा काढणे नव्हे, वाट मोकळी करणे. सोनोग्राफीत पाहून पोटावरून किडनीत बारीक नळी घालतात. चार मिलिमीटरच्या आतला खडा, काही अडवत नसेल तर, लक्ष ठेवून सोडता येतो. मधल्या आकाराच्या खड्यांना लिथोट्रिप्सी, म्हणजे बाहेरून ध्वनीच्या आघातलहरी. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला ख्रिश्चन शॉसी यांनी ती माणसावर प्रथम वापरली; यंत्र डॉर्नियर या विमान कंपनीचे होते. नव्या किडनीच्या मागे कमरेचे हाड आडवे येते म्हणून रुग्णाला पालथे झोपवून समोरून लहरी देतात. फुटलेले तुकडे त्या एकाच मूत्रवाहिनीतून उतरायचे आहेत, हे विसरून चालत नाही. खालून दुर्बीण घालणे अवघड जाते, कारण मूत्रवाहिनीचे नवे तोंड मूत्राशयाच्या वरच्या बाजूला, आडवळणी असते. मोठ्या खड्यांना पोटावरून छिद्र पाडून दुर्बिणीने काढणे सोयीचे. किडनी जवळच असते, आतड्याला मात्र जपावे लागते.

निघालेला खडा बाटलीत घालून रुग्णाच्या हाती आठवण म्हणून देऊ नये. तो प्रयोगशाळेत पाठवावा. वर सांगितलेले दोन्ही दुर्मीळ रोग तो बोलून दाखवू शकतो.

घरी काय करायचे, हा प्रश्न मला भाषण संपल्यावर विचारला जाणारच आहे, म्हणून आधीच उत्तर देतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी. नेमके किती, ते आपल्या डॉक्टरांना विचारून. हे सांगणे सोपे आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसाला ते पाळणे सोपे नाही, आणि ज्या बाईला एसटीच्या प्रवासात आणि कामाच्या जागी स्वच्छतागृह मिळत नाही ती पाणी टाळतेच. तिला 'पाणी प्या' असे चिठ्ठीवर लिहून देणारा डॉक्टर अर्धाच उपचार करतो.

टोमॅटोच्या बियांनी खडे होतात, हा समज सोडून द्या. दूध-दही बंद करू नका. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधते. पालक आणि अळू यांचे मात्र प्रमाण सांभाळा. अळूने घशाला जी खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आपल्या आज्या-पणज्या त्यात चिंच घालत आल्या त्या त्याच खाजेवर. कोकणात बिलिंबीचे लोणचे करतात, बेताने खाल्ले तर ठीक. पण तिचा रस औषध म्हणून पेलाभर पिऊन ऑक्झलेटने किडन्या बंद पडल्याचे रुग्ण केरळातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. नव्या किडनीच्या माणसाने असला प्रयोग करूच नये.

कुळथाचे कढण जेवणात घ्यायला बहुतेकांना हरकत नसते. खडा विरघळवण्याचे चूर्ण, काढा, पानांचा रस मात्र नको. त्यात काय आहे ते बरेचदा देणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी एखाद्या पदार्थाने चढली तर किडनीला इजा होते, उतरली तर रिजेक्शन होते. पपनस आणि ग्रेपफ्रूट ती चढवतात. नारळपाण्यात पोटॅशियम असते आणि टॅक्रोलिमसने ते आधीच वाढलेले असू शकते. म्हणून खड्यावर एरवी उपयोगी पडणारे पोटॅशियम सायट्रेटही इथे रक्त तपासूनच द्यावे लागते. लिंबूपाणी चालते, त्यात मीठ-साखरेचा मारा नको. दुखण्यावरच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक आणि तिची भावंडे, दुकानातून परस्पर घेऊ नका.

शेवटी दात्याबद्दल, कारण त्याला या सगळ्यात कुणी विचारत नाही. किडनी दिलेल्या बाईकडे आता एकच किडनी उरली आहे. तिच्यात खडा झाला तर तो दुखेल, तेवढी सोय निसर्गाने ठेवली आहे. पण वाढणारा रक्तदाब दुखत नाही, लघवीतून जाणारे प्रथिन दुखत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत प्रत्यारोपणाचा समावेश आहे, १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्याची २०११ ची दुरुस्ती आहे, दात्याची संमती तपासायला समित्या आहेत. टाके काढल्यावर दात्याचे पुढे काय झाले, हे मात्र बहुतेक फायलींत सापडत नाही. माझी सूचना लहान आहे. दात्याची नोंद रुग्णाच्याच फायलीत ठेवावी आणि वर्षातून एकदा दोघांना एकाच दिवशी बोलवावे. त्याची सोनोग्राफी, तिचा रक्तदाब, दोघांचे क्रिएटिनिन आणि लघवी. बाह्यरुग्ण विभागाला यात जास्तीची दहा मिनिटे लागतील. नवराबायको असतील तर एसटीने तसेही दोघे मिळूनच येतात. ती बाहेर बाकावर पिशवी धरून बसलेली असते, तिला फक्त आत बोलवायचे आहे.